जुन्या फिरत्या घराचं इंजिन आणि ब्रेक : या चुका टाळा

खान्देशातून कुठंही बाहेर पडा, तापीचं सपाट खोरं संपलं की समोर घाट उभा राहतो. चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट, साक्रीहून नवापूरकडे कोंडाईबारी, शिरपूर ओलांडून इंदूरकडे बिजासन, शहाद्याहून तोरणमाळला सात पायरी. म्हणून जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, टाटा ४०७ किंवा स्वराज माझदा घेऊन तिच्यावर फिरतं घर बांधणाऱ्या आपल्याकडच्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते : "गाडी वढत नही, भो." आणि बोलणं लगेच मोठ्या इंजिनावर जातं.

माझं मत स्पष्ट आहे. आधी वजन मोजा, मग ब्रेक भरवशाचे करा, आणि इंजिनाला हात सगळ्यात शेवटी लावा. खालच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा धरल्यामुळे होतात, आणि यातल्या काही जिवावर बेतणाऱ्या आहेत.

काट्यावर न नेताच खर्च सुरू करणं

आपल्याकडे जिनिंगपासून केळीच्या ट्रकपर्यंत सगळ्यांना काटा लागतो, त्यामुळे वजनकाटा शोधायला लांब जावं लागत नाही. तरीही फिरतं घर काट्यावर नेणारे फार थोडे. गाडी प्रवासाला निघते तशी पूर्ण भरा : पाण्याची टाकी, गॅस, बॅटऱ्या, अंथरूण-पांघरूण, घरची माणसं. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या एक्सलवर किती भार आहे ते कळतं.

दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो. अठरा मिलिमीटर प्लायवुडची आठ बाय चारची एक शीट तीस किलोच्या वर जाते, आणि पलंग-कपाटांत अशा किती शीट गेल्या हे सुतारालाही आठवत नसतं. आलेला आकडा नोंदणी पुस्तकातल्या एकूण वजनाशी ताडून बघा. त्यापेक्षा जास्त भरला, तर कोणतंही इंजिन आणि कोणतेही ब्रेक हा प्रश्न सोडवणार नाहीत. सामान आणि फर्निचर कमी करणं एवढाच उपाय उरतो.

दुखणं एकीकडे, औषध इंजिनाला

गाडी ओढत नाही याचं कारण बऱ्याचदा इंजिनात नसतंच. सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे घासत राहणारे ब्रेक. पंधरा-वीस वर्षांचा रबरी ब्रेक होज बाहेरून ठीक दिसतो, पण आतून फुगलेला असतो. पाय दाबला की ब्रेकचं तेल जोरानं पुढे जातं, पाय काढल्यावर मात्र परत येत नाही. चाक अर्धवट आवळलेलं राहतं आणि चालकाला वाटतं इंजिन थकलं.

तपासणी सोपी आहे. सपाट रस्त्यावर वीसेक किलोमीटर चालवा, शेवटी शक्य तेवढा कमी ब्रेक लावून गाडी थांबवा आणि चारही ड्रमचं (चाकातल्या ब्रेकच्या लोखंडी डब्याचं) तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरनं घ्या. ते नसेल तर ड्रमवर पाण्याचे दोन थेंब टाका. एकाच चाकावर थेंब चर्रकन उडाले, तर आधी तिकडे बघा. हँडब्रेकची केबल गंजून अडकली असली तरी असंच होतं.

त्यानंतर एअर फिल्टर (आपल्याकडची धूळ आणि कापसाचा भुगा तो फार लवकर भरतो), डिझेल फिल्टर, टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) होजला पडलेली चीर, नोझल, आणि घसरणारी क्लच प्लेट. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, हे क्लचचं लक्षण. एवढं सगळं ठीक निघालं तरच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण सैल केल्यावर धुराचे झोत येत असतील, तर पिस्टन-लायनरचं काम निघालं असं समजा.

तापतंय म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम झाल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप. ती काढायची सवय इतकी रुजली आहे की अनेक मेकॅनिक विचारतही नाहीत. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो, गाडी तापते, थर्मोस्टॅट काढला जातो. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची (रेडिएटर टाळून जाणारी) वाट बंद करतो, तिथं तो काढला की ती वाट कायम उघडी राहते. गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरमध्ये न जाताच इंजिनात परत येतो, म्हणजे चढावर गाडी उलट जास्त तापते. आणि थंडीत इंजिन नीट गरमच होत नाही, डिझेल जास्त जातं, झीज वाढते.

खरं कारण शोधा. बोअरचं क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षं भरल्यानं रेडिएटरच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात. त्याच्या झाकणाची स्प्रिंग मेलेली असते, आणि शिट्टी सैल झालेल्या कुकरसारखा आत दाब टिकत नाही, त्यामुळे पाणी लवकर उकळतं. पंख्याला फिरवणारं व्हिस्कस कपलिंग सैल झालेलं असतं. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या अगदी पुढे बसवून हवा अडवलेली असते. रेडिएटर खोलून साफ करा, झाकण नवं घ्या, कंपनीनं सांगितलेलं कूलंट शुद्ध केलेल्या पाण्यात मिसळून भरा. कितीतरी इंजिनं एवढ्यावरच पुन्हा घाट चढू लागतात.

पंप वाढवून घेणं

डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून जास्त डिझेल सोडलं की ताकद वाढल्यासारखी वाटते. पण हवा तेवढीच असते. न जळालेलं डिझेल काळ्या धुरातून जातं आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. लांब चढावर हेच पिस्टनचा माथा वितळवतं. साध्या इंजिनाला वरून टर्बो लावण्यातही हीच जोखीम आहे. टर्बोचं इंजिन बनवतानाच त्याचे पिस्टन, त्यांच्यावर तेल मारून थंड ठेवण्याची सोय आणि कॉम्प्रेशन वेगळं ठरवलेलं असतं.

इंजिन बदलताना व्हॅक्यूम विसरणं

इंजिन बदलायचंच ठरलं, तर सगळ्यांचं लक्ष फाउंडेशन (इंजिनाची बैठक), गिअरबॉक्स आणि जॉइंटच्या कोनावर असतं. ते हवंच. पण डिझेल इंजिनात ब्रेक बूस्टरसाठी (पायाच्या जोराला मदत करणाऱ्या डब्यासाठी) व्हॅक्यूम, म्हणजे निर्वात, वेगळ्या पंपानं तयार होतो, आणि बऱ्याच गाड्यांत तो पंप अल्टरनेटरच्या मागे असतो. दुसरं इंजिन लहान पंपासह आलं, किंवा अल्टरनेटर बदलताना साधा बसवला, तर गाडी जोरात पळेल पण पेडल दगडासारखं कडक होईल. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गाडी जागेवरून हलवू नका.

दुसरी गोष्ट उताराची. कमी सीसीचं, आधुनिक टर्बो इंजिन चढावर भारी ठरतं, पण उतारावर जुन्या मोठ्या इंजिनाइतकं गाडीला धरून ठेवत नाही. तो सगळा भार ब्रेकवर येतो. चार टनांची गाडी ३०० मीटर उंची उतरते तेव्हा जेवढी ऊर्जा मोकळी होते, तिनं ३० अंशांचं सुमारे ४० लिटर पाणी उकळीला येईल. ती उष्णता इंजिन आणि हवेनं वाटून घेतली नाही, तर ब्रेकचे लायनर (ड्रमला आतून घासणारा थर) आणि ड्रमला सोसावी लागते. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरा, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल कधीही करू नका.

पाटे वाढवले, पण मागचा व्हॉल्व्ह तसाच

मला ही चूक सगळ्यात जास्त सतावते, कारण ती दिसत नाही. घराचं वजन पेलावं म्हणून मागे दोन पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) वाढवतात किंवा हवेच्या पिशव्या बसवतात. बऱ्याच गाड्यांत मागच्या एक्सलजवळ भारानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. गाडीचा मागचा भाग किती दबला यावरून तो भार ओळखतो. पाटे वाढले की गाडी वर उचललेली राहते, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागच्या चाकांचा दाब कमी करतो. म्हणजे गाडी सर्वांत जड असताना मागचे ब्रेक सर्वांत कमी काम करतात आणि पुढचे तापून दम सोडतात. पाटे बदलले की त्या व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या मापानं पुन्हा लावून घ्या. व्हॉल्व्ह काढून पाईप सरळ जोडणं हा उपाय नाही. तसं केलं तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी आडवी होते.

ब्रेक ऑइलकडे दुर्लक्ष

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ या प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश, पाणी मुरल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. घाटाच्या मध्यावर तेल उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दबते आणि पेडल सरळ खाली जातं. थोड्या वेळानं गार झाल्यावर सगळं पूर्ववत वाटतं, म्हणून लोक ते विसरतात. दर दोन वर्षांनी तेल पूर्ण बदला. त्यात इंजिन ऑइलचा थेंबही जाऊ देऊ नका, सगळी रबरं फुगतात. सिलिकॉनचं डॉट ५ या तेलात मिसळत नाही.

ड्रमच्या जागी डिस्क लावायची असेल, तर त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलचा पूर्ण संच घ्या : डिस्क, कॅलिपर (डिस्कला दाबून धरणारा भाग), मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेल ढकलणारा), बूस्टर. नुसते मोठे कॅलिपर लावले तर जुना मास्टर सिलिंडर पुरेसं तेल ढकलत नाही आणि पेडल खोल जातं. मास्टर गरजेपेक्षा मोठा घेतला तर पेडल कडक होतं आणि दाब कमी पडतो. खरं तर बहुतेकांना डिस्कची गरजच नसते. मापात असलेले ड्रम, चांगले लायनर, नवे व्हील सिलिंडर आणि होज एवढ्यानं गाडी नीट थांबते. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा कोरलेला असतो. लेथवर टर्निंग करून तो ओलांडला, तर ड्रम भंगारात द्या.

लक्षणं ओळखताना होणारा गोंधळ

पेडल मऊ असेल तर हवा शिरलेली असते. दाबून धरल्यावर हळूहळू बसत जात असेल आणि बाहेर गळती नसेल, तर मास्टर सिलिंडर. कडक असेल तर व्हॅक्यूम. गाडी एका बाजूला ओढली जाते तेव्हा दुसऱ्या बाजूचं चाक तपासा, तिथला लायनर तेलकट झालेला किंवा सिलिंडर जाम झालेला असतो. जळका वास आला तर थांबा, गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा, आणि तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका. ड्रमला तडा जातो.

कागद नंतर बघू म्हणणं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलायचं तर त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं घ्या, आणि काम सुरू करण्याआधी धुळे, जळगाव किंवा नंदुरबार, जिथं गाडीची नोंद असेल तिथल्या आरटीओची परवानगी घ्या. भंगारातल्या इंजिनाचं पक्कं बिल आणि नंबर नसेल तर ते कितीही स्वस्त असो, घेऊ नका. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकृत करावी लागते. इंजिनाचा नंबर जुळला नाही तर पासिंग तिथंच अडकतं, आणि अपघात झाल्यास विमा कंपनीच्या हाती आयतं कारण मिळतं.

काम झाल्यावर लगेच घाटात जाऊ नका. मोकळ्या सपाट रस्त्यावर मध्यम वेगातून हलके ब्रेक लावत, मधे गार होऊ देत नवे लायनर बसू द्या. मग पूर्ण भार भरून लळिंगसारख्या लहान घाटात एक फेरी मारा. उतरल्यावर चारही ड्रमचं तापमान घ्या, चाकांचे नट पुन्हा आवळा, तेलाची पातळी बघा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम किंवा अगदी थंड निघालं, तर गाडी परत गॅरेजला न्या. सात पायरीचा बेत पुढच्या महिन्यावर ढकलला तरी चालेल.