वाळूच्या फिल्टरमधला जिवंत थर कसा तयार करायचा

बारीक वाळूत बॅक्टेरिया नुसते अडकतात असं कोणी सांगितलं तर तिथेच ऐकणं बंद करा. बॅक्टेरिया साधारण एक मायक्रॉनचा, वाळूतल्या फटी त्यापेक्षा कितीतरी मोठ्या. खरं काम वरच्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये वाढणारे सूक्ष्मजीव करतात, चिकट थर धरतात, आलेल्या जंतूंना खातात आणि जे खाली निसटतात त्यातले बरेचसे उपासमारीने मरतात. १८९२ ला जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याने हजारो माणसं गेली, पण शेजारचं आल्टोना त्याच एल्ब नदीचं पाणी वाळूतून गाळून पीत होतं आणि बरंचसं वाचलं.

ड्रम, खाली खडी, वर चाळलेली धुतलेली वाळू, हे जमेलच. वाळू भरताना ड्रममध्ये आधी पाणी घ्या, नाहीतर हवा अडकते.

आता जिथे सगळे घाई करतात ते. पाणी दिसायला स्वच्छ आलं म्हणून लगेच प्यायचं नाही! थर धरायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर रोज, ज्या विहिरीचं पाणी पुढे गाळणार त्याच विहिरीचं पाणी ओतायचं आणि प्यायचं ते उकळूनच. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेलं पाणी तर अजिबात ओतू नका, जंतू मारायचं औषध आपल्या कामाच्या जंतूंनाही मारतं. क्लोरीन घालायचं ते गाळून झाल्यावर, साठवणीच्या भांड्यात, आणि ते घालाच कारण फिल्टर शंभर टक्के जंतू काढत नाही.

गाळलेलं पाणी बाहेर पडतं त्या नळीचं तोंड असं ठेवा की ओतणं थांबल्यावरही वाळूवर पाच सेंटिमीटर पाणी उरेल. फार जास्त राहिलं तर थरापर्यंत ऑक्सिजन पोचत नाही, फार कमी राहिलं तर उन्हाळ्यात वाळू कोरडी पडते आणि सगळं मरतं. दोन ओतण्यांमध्ये निदान तासभर तरी जाऊ द्या, पण ४८ तासांच्या वर नको, गणपतीला गावी निघालात तर शेजारच्या काकूंना रोज एक बादली ओतायला सांगून जा.

धार मंदावली की लोक वाळू उपसून घासत बसतात, ते करू नका हो. वरचं पाणी हाताने हलकेच ढवळा, गढूळ झालेलं मगाने काढून टाका, धार परत नीट येईपर्यंत. नंतरचे काही दिवस थर पुन्हा सावरेपर्यंत उकळूनच प्या, आणि गाळलेल्या पाण्याची बादली वेगळी ठेवा.