मल्टिमीटरने एसी (घरातली दिशा बदलत वाहणारी वीज) मोजताना या चुका टाळा

मीटर हातात आला की नवी पोरं थेट प्रोब खुपसतात. नॉब कुठे आहे, लाल वायर कुठल्या सॉकेटात आहे, एवढं बघायचाही धीर नसतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे लाल प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटात ठेवून व्होल्टेज मोजणं. एका साइटवर हेल्परने सकाळी बॅटरी चार्जरचा करंट मोजला आणि प्रोब तिथेच ठेवला. दुपारी नॉब ७५० व्होल्ट एसीवर नेला आणि प्रोब घातले प्लग पॉइंटमध्ये. धाडकन आवाज झाला, प्रोबचं टोक वितळलं, एमसीबी पडली. बोटं मागे होती म्हणून वाचली. नॉब बरोबर होता, पण त्या सॉकेटाचा रोध जवळजवळ शून्य असतो. म्हणजे फेज आणि न्यूट्रल तारेने जोडल्यासारखंच. स्वस्त मीटरात तिथे बऱ्याचदा फ्यूजही नसतो. करंट मोजून झाला की मी लाल प्रोब व्होल्टच्या सॉकेटात परत लावतो, मगच मीटर खाली ठेवतो.

दुसरी चूक, नॉब डीसीवर, म्हणजे बॅटरीसारख्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. आपली एसी ५० हर्ट्झची, दोन्ही बाजूंना सारखीच झुलणारी, सरासरी शून्य. डीसीवर मीटर ही सरासरीच दाखवतो, म्हणजे शून्य, आणि पोरगं सांगतं, "लाइन बंद आहे." मी आधी चालू पॉइंटवर मीटर तपासतो, मग कामाची जागा, मग पुन्हा चालू पॉइंट. ज्याला हा वेळकाढूपणा वाटतो, त्याला मी बोर्ड उघडू देत नाही.

क्लँप मीटर (वायरभोवती जबडा लावून करंट मोजणारा) अख्ख्या केबलभोवती लावू नका. जाणारा-येणारा करंट एकमेकांना मारतो. २००० वॅटचा गीझर चालू असूनही शून्य दिसेल. एकट्या फेजवर लावा, ८.७ अँपिअरच्या आसपास दिसेल.

घरातल्या लाइनचा २३० व्होल्ट हा आरएमएस आकडा आहे, म्हणजे तेवढ्याच डीसीइतकी उष्णता देणारा; लाटेचं शिखर ३२५ व्होल्टचं. रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी करणारा भाग) २५० व्होल्टचा कपॅसिटर लावाल तर तो फुटेल.

चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरवर साधा मीटर ११ टक्के जास्त दाखवतो. तिथे ट्रू आरएमएस मीटरच हवा, म्हणजे वेव्हचा आकार कसाही असो, खरा आरएमएस मोजणारा.

बंद वायरवर ६०-७० व्होल्ट दिसले तर लगेच फॉल्ट शोधत भिंती फोडू नका. शेजारच्या चालू वायरमुळेही असा आकडा येतो. त्या वायर आणि न्यूट्रलमध्ये जुना फिलामेंटचा बल्ब लावून पुन्हा मोजा: खोटा असेल तर आकडा शून्याजवळ येतो, खरा असेल तर टिकतो.