टर्बो गाडीचा प्लग गॅप

सोलापूर–पुणे हायवेवर ओव्हरटेक करताना गाडी धक्के देते, पण आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) शांत चालते? आधी स्पार्क प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते त्या दोन टोकांमधलं अंतर, मोजा. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो तेव्हा, सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि रुंद गॅपमध्ये ती विझते. टर्बोला बहुधा ०.६ ते ०.८ मिमी चालतो. तरी मॅन्युअलमधला आकडाच धरा. बूस्ट वाढवलेला असेल तर ०.१ मिमीने कमी करा. फारच कमी केलात तर आयडलिंग बिघडेल.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच प्लग काढा. मे महिन्यात सकाळीच बरं. गॅप मोजायला तारेचा गेज वापरा, गॅप बदलायला फक्त प्लगची बाहेरची पट्टी वाकवा. इरिडियम प्लगच्या मधल्या बारीक टोकाला रेटा दिलात की प्लग गेलाच! नवीन प्लगही मोजूनच बसवा.