उत्सर्जनाचा धडा डोक्यात शिरत नसेल तर

प्राणिशास्त्राला नुकतेच बसलेल्यांसाठी लिहितेय. प्रथिनं मोडली की नायट्रोजन उरतो, तो अमोनिया, युरिया किंवा युरिक आम्लाच्या रूपात बाहेर पडतो, एवढं तुम्हाला येतं असं धरते.

मला सर्वांत जास्त छळलं ते मल आणि उत्सर्जन यांतल्या फरकाने. व्याख्या सोपी आहे. न पचलेलं अन्न पेशींत कधी शिरलंच नाही. तोंडापासून गुदद्वारापर्यंतची पोकळी एका अर्थी शरीराबाहेरचीच. ते बाहेर टाकणं म्हणजे मलविसर्जन. पेशींनी स्वतः केलेला कचरा काढणं म्हणजे उत्सर्जन. इथवर सगळे माना डोलावतात. मग टोळ येतो. त्याच्या मालपिघी नलिका शरीरद्रवातला कचरा ओढून घेतात आणि थेट आतड्यात सोडतात! बाहेर पडायचं दार एकच, पण उगम दोन. पक्ष्याच्या विष्ठेचंही तेच: पांढरा भाग युरिक आम्ल, म्हणजे त्याची लघवीच, आणि गडद भाग मल. प्लॅनेरिया या चपट्या कृमीला तर दुसरं दारच नाही, उरलंसुरलं तो तोंडानेच बाहेर टाकतो. अमोनिया मात्र त्याच्या अंगातून झिरपून जातो. आणि माणसाच्या मलाचा तपकिरी रंग? जुन्या तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन मोडून, यकृतामार्गे, पित्तातून आलेला तो कचरा. म्हणजे मलातही थोडं उत्सर्जन असतंच. त्यामुळे दार बघू नका, पदार्थ आला कुठून ते विचारा. परीक्षेत इथे हमखास गुण जातात, आणि ते जायलाच हवेत असं माझं मत आहे.

आद्याक्षरांची गाणी मला अजिबात पटत नाहीत. ‘पाण्यात राहतो तो अमोनिया’ एवढं घोकलंत की शार्क तुम्हाला पाडणार. तो समुद्रात राहूनही युरिया बनवतो आणि मुद्दाम रक्तात साठवतो, म्हणजे अंगातलं पाणी खाऱ्या समुद्राकडे ओढलं जात नाही. त्यापेक्षा पाण्याचा हिशोब धरा. एक ग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपात टाकायला साधारण 500 मिलिलिटर पाणी लागतं, युरियाला 50, युरिक आम्लाला 10. अमोनिया बनवायला स्वस्त पण विषारी. युरिक आम्ल बनवायला ऊर्जा खूप लागते, पण ते जवळजवळ कोरडंच टाकता येतं. बंद कवचाच्या अंड्यात वाढणाऱ्या पिल्लाला दुसरं काय परवडणार? बेडकाचं पिल्लू पाण्यात असताना मुख्यतः अमोनिया टाकतं आणि मोठं होऊन जमिनीवर आलं की युरियाकडे वळतं, हेही याच हिशोबात बसतं.

तक्ता लिहून देणाऱ्या शिक्षकापेक्षा ‘या प्राण्याला पाणी कुठून मिळतं?’ असं विचारून गप्प बसणारा शिक्षक शोधा. चिडचिड होईल, होऊ दे.

वृक्काचा, म्हणजे मूत्रपिंडाचा, धसका मात्र घेऊ नका. माणसात दिवसाला सुमारे 180 लिटर गाळलं जातं आणि लघवी होते दीड लिटरच्या आसपास, हे आकडे बघून पोटात गोळा येतो खरा. पण गाळायचं आणि कामाचं परत घ्यायचं, एवढंच ते काम. आधी दोन मासे घ्या. गोड्या पाण्यातल्याच्या अंगात पाणी आपोआप शिरतं, म्हणून तो भरपूर, पातळ लघवी करतो. समुद्रातला हाडांचा मासा पाणी गमावतो, म्हणून समुद्राचं पाणी पितो, जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो आणि लघवी जेमतेम करतो. हे दोघे पुस्तक मिटून कागदावर मांडता येईपर्यंत हेन्लेच्या पाशाला (वृक्कातल्या नळीच्या U आकाराच्या वळणाला) हात लावू नका.