स्विंडनला जाताना मुलीच्या शाळेचं असं जमवलं

आमची मुलगी म्हापशाला मराठी शाळेत तिसरीत. इंग्लंडात तिला कुठे बसवतील, हाच घोर होता. तिथे वर्ग वयावरून ठरतो. ३१ ऑगस्टला आठ पूर्ण असतील तर 'इयर फोर', कारण 'इयर वन' पाच पूर्ण झाल्यावरच सुरू होतं. हे कळलं आणि जीव भांड्यात पडला.

सरकारी शाळेला फी नाही, पण वर्षाच्या मध्ये जागा रिकामी असेल तिथेच मिळते. म्हणून भाड्याचं घर ठरवण्याआधी कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला विचारलं, इयर फोरमध्ये जागा कुठे आहे? मग त्या शाळांचे ऑफस्टेड (शाळा तपासणारी सरकारी संस्था) अहवाल वाचले आणि प्रत्येकीला लिहिलं: इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांना कसं सांभाळता? एकीनेच सविस्तर उत्तर दिलं, वर घरी मराठीच बोला म्हणून सांगितलं. तीच घेतली, घर तिच्या जवळ बघितलं.