गल्लीतील रस्त्यावर वेगमर्यादा कमी करून घेण्यासाठी

अर्ज करण्यापूर्वी वेग मोजून ठेवावा, कारण ‘गाड्या फार जोरात जातात’ एवढ्या तक्रारीवर सहसा काहीच हलत नाही. रस्त्याच्या कडेला ५० मीटर अंतरावर खडूच्या दोन खुणा कराव्यात आणि मोबाइलवरील स्टॉपवॉचने वेळ घ्यावी. हे अंतर गाडीने ६ सेकंदांत कापले तर तिचा वेग ताशी ३० किलोमीटर असतो, ३.६ सेकंदांत कापले तर ५०. शाळा सुटण्याच्या वेळेची आणि रात्रीची नोंद वेगळी ठेवावी, कारण गर्दी ओसरल्यावरच वेग खरा वाढतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याचे स्वरूप पाहून राज्य शासन, अथवा त्याने प्राधिकृत केलेला अधिकारी, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे वेगमर्यादा घटवू शकतो, मात्र तसे फलक त्या रस्त्यावर लावावे लागतात. म्हणून शहरात अर्ज वाहतूक पोलिसांकडे द्यावा, प्रत महापालिकेच्या पथ विभागाला द्यावी आणि दोन्हीकडून पोच घ्यावी. सोसायट्यांचे ठराव व नगरसेवकाचे पत्र जोडल्यास बरे.

नुसत्या फलकाने वेग उतरतो असे मानणे भाबडेपणाचे आहे. गतिरोधकही मागावा, पण तो भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाप्रमाणे, म्हणजे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा. रहिवाशांनी रातोरात घातलेले डांबराचे उंचवटे बेकायदेशीर तर असतातच, शिवाय दुचाकीस्वारांच्या जिवावर बेततात.