बीसी भारी, तरी नेम हुकतोय? लाँग रेंज हंटिंगमधल्या या चुका टाळा

वायोमिंग, ऑक्टोबर. प्राँगहॉर्न, म्हणजे लांबून आपल्या काळवीटाची आठवण करून देणारं तिथलं जनावर, त्याच्या मागे आम्ही दोघं अर्धा तास पोटावर सरपटत होतो, कोपरात निवडुंगाचे काटे घुसलेले. रेंजफाइंडर म्हणाला ४३० यार्ड, वारा जवळपास नव्हताच (वायोमिंगमध्ये याला लॉटरी लागणं म्हणतात), गोळीच्या मार्गाचं गणित करणाऱ्या अ‍ॅपने सांगितले तेवढे क्लिक, म्हणजे नेम वरखाली करणारे खटके, स्कोपवर फिरवले आणि ट्रिगर दाबला. धूळ उडाली ती त्याच्या पाठीवरून पलीकडच्या उतारावर. नराने एकदा आमच्याकडे बघितलं आणि तो सगळा कळप घेऊन निघून गेला. माझा सांगलीचा मित्र शेजारी आडवा पडला होता, तो शांतपणे म्हणाला, "महिनाभर बीसी बीसी करून डोकं खाल्लंस ना माझं?" (बीसी म्हणजे गोळी हवेत वेग किती टिकवते त्याचा आकडा, पुढे सांगतोच.)

रात्री मोटेलमध्ये अ‍ॅप उघडल्यावर घोळ सापडला. माझी गोळी हॉर्नेडीची ६.५ मिमी, १४३ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) ईएलडी-एक्स. तिचा जी१ बीसी ०.६२५ आणि जी७ बीसी ०.३१५, मोजायच्या पद्धती दोन म्हणून आकडे दोन. मी ०.३१५ हा आकडा जी१ च्या रकान्यात टाकलेला! अ‍ॅप बिचारं समजलं की गोळी हवेत भरभर मंदावणारी आहे, म्हणून त्याने जास्त क्लिक सांगितले, आणि ४३० यार्डाला गोळी साधारण आठ इंच वर गेली. आदल्या दिवशी १०० यार्डाला झिरो (नेम धरला तिथेच गोळी लागावी अशी स्कोपची जुळणी) एकदम परफेक्ट होता, पण त्यातून काहीच कळत नाही, कारण १०० यार्डाला बीसी चुकला तरी कागदावर फरक दिसत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बीसी म्हणजे बॅलिस्टिक कोएफिशियंट, गोळी हवेतून जाताना आपला वेग किती टिकवते त्याचं माप. व्यासाच्या मानाने वजन जास्त आणि आकार निमुळता असेल तर बीसी जास्त. आता हे माप कशाशी तरी तुलना करून काढतात, जी१ मध्ये तुलना जुन्या पद्धतीच्या, बूड चपटं असलेल्या आखूड गोळीशी आणि जी७ मध्ये लांबट, मागे निमुळत्या बोट-टेल गोळीशी. म्हणून एकाच गोळीचे दोन आकडे. तोळ्याचा आकडा ग्रॅमच्या रकान्यात लिहिल्यावर सोनाराकडे जे होईल तेच माझं झालं. जी७ चा आकडा जी१ मध्ये गेला तर गोळी वर जाणार, जी१ चा जी७ मध्ये गेला तर खाली, आणि खाली म्हणजे पाय किंवा पोट, ते जास्त वाईट. हल्लीच्या लांब गोळ्यांना जी७ च वापरा, कारण त्यांचा जी१ बीसी वेग कमी होईल तसा बराच बदलत जातो, सिएरा कंपनी तर वेगाच्या टप्प्यांप्रमाणे वेगवेगळे जी१ आकडे देते.

दुसरी चूक जवळजवळ प्रत्येकजण करतो, बॉक्सवरचा वेग तसाच्या तसा अ‍ॅपमध्ये टाकायचा. माझ्या बॉक्सवर २७०० फूट प्रति सेकंद लिहिलंय, पण ते २४ इंचाच्या टेस्ट बॅरलमधून. डोंगर चढायला बरी म्हणून तुम्ही घेतलेल्या २० इंची हलक्या रायफलमधून ती गोळी २६२० ने निघाली तर ५०० यार्डाला चारेक इंच खाली लागणार. गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ विकत घ्या, नाहीतर रेंजवर कोणाचा तरी मागा, लोक आनंदाने देतात आणि वर तासभर लेक्चर पण देतात.

यातूनच पुढचा प्रकार सुरू होतो. गोळी खाली लागतेय, वेग मोजलेला नाही, मग लोक अ‍ॅपमधला बीसी ०.०२ ने कमी करतात, अजून थोडा कमी करतात, आणि ५०० ला गोळी बरोबर लागली की खूश. पण चूक वेगात होती, बीसीमध्ये नव्हती, त्यामुळे ७०० ला परत हुकतं, शिवाय वाऱ्याचा हिशोबही बिघडला तो वेगळाच. आधी स्कोपचे क्लिक खरे आहेत का बघा, १०० यार्डावर उंच कागद लावायचा, उभी सरळ रेघ मारायची, ३० एमओए (स्कोपवरचं कोनाचं माप) फिरवायचे आणि गोळी ३१.४ इंच वर जाते का ते टेपने मोजायचं. मग वेग. हे दोन्ही बरोबर असूनही लांबवर फरक येत असेल तरच बीसीला हात लावा.

हवेच्या दाबाचा घोळ कोलोरॅडोत राहणाऱ्यांनी नक्की वाचा. वेदर अ‍ॅप डेन्व्हरचा दाब २९.९ इंच (पाऱ्याचे) वगैरे दाखवतं, तो समुद्रसपाटीला बसवून दाखवलेला असतो. खरा दाब तिथे २५ च्या आतबाहेर. बॅलिस्टिक अ‍ॅपला हा खरा, म्हणजे स्टेशन प्रेशर पाहिजे असतो, त्याला २९.९ दिलात तर ते दाट हवा समजून जास्त क्लिक सांगणार. समुद्रसपाटीजवळच्या ह्यूस्टनला झिरो करून १०,००० फुटांवर एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, मागे जाणाऱ्यांचंही तेच, तिथली हवा विरळ, त्यामुळे ५०० यार्डाला गोळी तीन-चार इंच वर लागते. यात बीसी तोच राहतो, हवा बदलते.

आता वारा. खरं तर बीसीचा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे, आणि लोक बोलत बसतात ड्रॉपबद्दल, म्हणजे गोळी किती खाली पडते त्याबद्दल. ड्रॉप काय, रेंजफाइंडरने अंतर कळलं की अ‍ॅप सांगतं, गुरुत्वाकर्षण रोज बदलत नाही. गंमत अशी आहे की वाऱ्याने गोळी किती सरकणार ते तिच्या एकूण प्रवासाच्या वेळेवर ठरत नाही, हवेने तिला जेवढा उशीर केला तेवढ्या वेळावर ठरतं. हवा नसती तर ५०० यार्ड जायला २७०० च्या वेगाने ०.५६ सेकंद लागले असते, माझ्या गोळीला लागतात ०.६४ च्या आसपास. तो मधला जेमतेम आठ शतांश सेकंदाचा उशीर गुणिले वाऱ्याचा वेग, झालं तुमचं ड्रिफ्ट. ताशी १० मैलांचा आडवा वारा असेल तर साधारण १५ इंच. ०.४ जी१ बीसीची गोळी त्याच वेगाने निघाली तर २३ इंच.

म्हणून भारी बीसी घ्या, हरकत नाही. पण ०.५ वरून ०.६२५ ला गेल्यावर तुम्ही वाचवता साधारण चार इंच, आणि १० मैलांचा वारा ५ मैलांचा समजलात तर घालवता सात. गवत तुमच्यापाशी एका बाजूला झुकलंय, मधल्या घळीत वारा उलटा, जनावरापाशी वेगळाच, हे बघायला डोळे लागतात. स्वप्नील कुसाळेंनी २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं त्या इव्हेंटची .२२ ची गोळी बघा, बीसी अगदीच किरकोळ, वेग आवाजाच्या आसपास, म्हणजे वाऱ्याला ती आयतीच सापडते. तरी ती मंडळी वारा वाचून दहाच्या गोलात मारतात. आपल्याकडे मात्र बॉक्सवरच्या दशांशावर भांडण.

पोचणं आणि मारणं यातही लोक गल्लत करतात. हंटिंगची गोळी आत जाऊन फुलायला हवी आणि त्यासाठी वेग लागतो, बऱ्याच गोळ्यांना १८०० फूट प्रति सेकंद तरी, काहींना १६०० चालतो, नुसत्या तांब्याच्या काही गोळ्यांना जास्तच लागतो. २७०० ने निघालेली ०.४ बीसीची गोळी समुद्रसपाटीला ४५० यार्डाच्या आसपास १८०० वर येते, ०.६२५ वाली ७०० च्या आसपास. पण हा आकडा गोळीचा आहे, तुमचा नाही, तुमची हद्द तुमचा हात ठरवतो. आणि उलट बाजूही आहे, काही भारी बीसीच्या गोळ्या लांबवर फुलाव्यात म्हणून मऊ बनवतात, त्या ८० यार्डावर एल्कच्या खांद्याच्या हाडावर आपटल्या तर बाहेरच तुकडे होऊ शकतात. शिवाय ५०० यार्डाला गोळी पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो, तेवढ्यात चरणारं जनावर एक पाऊल टाकतं आणि छातीच्या जागी पोट येतं.

ट्विस्टचं पटकन सांगतो. लांब गोळीला नळीतून जास्त पीळ लागतो. जुन्या .२४३ रायफलमध्ये बहुतेक वेळा १० इंचात एक फेरा असतो, तिच्यात १०५ ग्रेनची लांबलचक गोळी घातलीत तर कागदावर भोकं आडवी पडलेली दिसतील. एवढं टोकाला गेलं नाही तरी अर्धवट स्थिर गोळीचा बीसी छापलेल्यापेक्षा कमीच मिळतो.

आणि हो, हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद आहे. इथे अमेरिकेतही एच-१बी व्हिसावर असाल तर चालू हंटिंग लायसन्स नसताना रायफल जवळ बाळगणं साधारणपणे फेडरल गुन्ह्यात जातं. कोलोरॅडोत एल्कला किमान .२४ कॅलिबर, ८५ ग्रेनची फुलणारी गोळी आणि १०० यार्डाला १००० फूट-पाउंड ऊर्जा लागते, बीसीची अट कुठेच नाही.

त्या ट्रिपच्या दुसऱ्या दिवशी मी अ‍ॅप दुरुस्त करून तयार बसलो होतो, वारा मात्र सकाळपासून सुटला होता, त्यामुळे ४०० च्या पुढचं काही मारायचं नाही असं ठरवलं. सांगलीकर एका घळीतून वाकून वाकून २१० यार्डांपर्यंत गेला आणि त्याच्या जुन्या .३०-०६ रायफलने एका गोळीत काम केलं. तिचा बीसी त्याला आजही माहीत नाही, मी सांगायला गेलो तर म्हणाला, आधी हा पाय धर, गाडी लांब आहे.